हात बसेपर्यंत

डिसेंबर २०१३. अमरावतीहून झेंगझोऊला एमबीबीएससाठी येऊन मला तीन महिने झाले होते. झोप लागत नव्हती, घरची आठवण यायची, आणि लहानपणापासून दोरीच्या मल्लखांबावर तयार झालेलं अंग वसतिगृहाच्या खोलीत आंबून गेलं होतं. एका पहाटे उठले, चालत सुटले आणि बिशागांग पार्कात पोचले. सहा वाजले होते, पण हेनान प्रांतात हिवाळ्यात सहाला अंधारच असतो. दिव्याच्या खांबाखाली वीस-पंचवीस माणसं, बहुतेक साठीच्या आसपासची, एका संथ लयीत हात वर नेत होती. कुणी बोलत नव्हतं. कापडी बुटांची घसट तेवढी ऐकू येत होती. ते सगळं संपेपर्यंत मी झाडाला टेकून उभी राहिले.

तिसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या एका बाईंनी मला मनगटाला धरून मागच्या रांगेत उभं केलं. त्या कापड गिरणीतून निवृत्त झालेल्या होत्या. शहराच्या त्या भागात एका रस्त्याचं नावच 'मियानफांग लू' आहे, म्हणजे सूतगिरणी रस्ता. पन्नासच्या दशकात तिथे सरकारी गिरण्या ओळीने उभ्या राहिल्या, आणि त्यांतल्या एकीत या बाईंची सगळी नोकरी गेली. तुम्हाला काय म्हणू, असं मी मोडक्या चिनीत विचारलं. त्या म्हणाल्या, "आयी." चिनी भाषेत मावशीच्या वयाच्या बाईला 'आयी' म्हणतात. घरापासून इतक्या लांब रोज पहाटे कुणाला तरी ही हाक मारायला मिळत होती. तो हिवाळा मी त्या हाकेवर काढला.

आयींकडे मी शिकले ते चोवीस आकृत्यांचं ताइची, चिनी युद्धविद्यांमधला एक प्रकार. संपूर्ण क्रम पाच-सहा मिनिटांचा. 'रानघोड्याची आयाळ दुभंगणं', 'पांढरा करकोचा पंख पसरतो', 'चिमणीची शेपटी धरणं', 'ढगांसारखे हात' अशी एकेका आकृतीची नावं. क्रम पाठ व्हायला मला चार महिने लागले. पाठ झाल्यावर वाटलं, आलं. मग आयींनी अठराव्या आकृतीवर मला अडवलं. तिचं नाव 'दोन्हीकडे धोटा फेकणं'. एक हात कपाळावर जातो, दुसरा तिरका पुढे ढकलतो, मग तेच दुसऱ्या बाजूला. माझे हात बरोबर जागी जात होते. आयी माझ्या मागे आल्या, माझे दोन्ही हात छातीशी बांधून ठेवले आणि म्हणाल्या, आता हात न वापरता धोटा फेक. मी नुसती उभी राहिले. मग त्यांनी सांगितलं, की लहानपणी त्यांच्या आईचा घरी हातमाग होता. आई विणायची तेव्हा आधी कंबर वळायची, मग खांदा, आणि हात सगळ्यात शेवटी जायचा. हाताने घाई केली की सूत तुटायचं. दोन आठवडे मी हात बांधून तो एकच धोटा फेकत होते.

त्या काळात मी घरी फोनवर मोठ्या अभिमानाने सांगायचे, की मी हजारो वर्षांची प्राचीन विद्या शिकतेय. एकदा आयींनाच विचारलं, की हा क्रम किती जुना? त्यांनी सरळ उत्तर दिलं, "मी याच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी आहे."

खरं होतं ते. चोवीस आकृत्यांचा हा क्रम १९५६ साली सरकारी क्रीडा आयोगाने तज्ज्ञ बसवून तयार केला. ताइचीच्या यांग घराण्याच्या शैलीचा मूळ क्रम लांबलचक, त्यात आकृत्या पुन्हा पुन्हा येतात. त्यातली पुनरावृत्ती काढली, सोप्याकडून अवघडाकडे अशी मांडणी केली, आणि कारखाने, शाळा, कचेऱ्या, बागा इथे लाखो लोकांना शिकवता येईल असा आटोपशीर क्रम बांधला. आयींना तो गिरणीतच शिकवला गेला होता. म्हणजे पारंपरिक समजून मी ज्याला डोक्यावर घेतलं होतं, ती नव्या सरकारची नवी योजना होती! माझा काही दिवस विरस झाला. पण कंबर आधी आणि हात शेवटी हे मला त्याच क्रमाने शिकवलं होतं, आणि ते काही १९५६ साली जन्मलं नव्हतं.

इथून मी प्रश्न विचारायला लागले. आपल्याकडे सगळ्याला मिळून 'कुंग फू' म्हणतात, पण चीनमध्ये हा शब्द लढाईपुरता नाही. 'गोंगफू' म्हणजे दीर्घ काळ खपून अंगात आलेलं कसब. चहा पाजणाऱ्याचं गोंगफू असतं, लेखणी धरणाऱ्याचं असतं. त्याच उच्चाराचा अर्थ 'सवड' असाही होतो, तुला गोंगफू आहे का म्हणजे वेळ आहे का. मराठीत मला याच्या सगळ्यात जवळचं वाटतं ते 'हात बसणं'. लढण्याच्या विद्यांना एकत्रितपणे 'वुशू' म्हणतात, आणि एकेका पद्धतीच्या नावात 'छ्वान' म्हणजे मूठ हा शब्द येतो. ताइचीचं पूर्ण नाव ताइचीछ्वान. हा शेवटचा शब्द गळून पडला आणि जगभर लोकांना वाटायला लागलं, की हा म्हाताऱ्यांचा व्यायाम आहे.

दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या क्रीडा विभागात वुशूचा विद्यार्थी गट आहे असं कळलं. पार्कात राहून मला एक आढ्यता आली होती. स्पर्धेतलं वुशू म्हणजे उड्या आणि रेशमी कपडे, नुसता नाच, ते खरं नव्हे, असं मी ऐकून ऐकून म्हणायला लागले होते. एक सत्र जाऊन बघू म्हटलं, आणि दीड वर्ष जात राहिले.

स्पर्धेच्या वुशूचे दोन भाग आहेत. 'थाओलू' म्हणजे एकट्याने सादर करायचा बांधलेला क्रम, आणि 'सान्दा' म्हणजे प्रत्यक्ष लढत. थाओलूत उत्तरेकडची लांब पल्ल्याची 'चांगछ्वान', दक्षिणेकडची 'नानछ्वान' आणि ताइची अशा मुख्य शाखा, शिवाय तलवार, खड्ग, काठी, भाला. चौदा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद गालिचा. गुण दहापैकी: पाच हालचालींच्या शुद्धतेला, तीन एकूण सादरीकरणाला, दोन अवघड उड्यांना. हे आकडे मी पुढे पाठ केले. पहिले दोन महिने मात्र आम्हाला पाच उभ्या आणि पाय ताणणं याखेरीज काहीही दिलं नाही. 'माबू' म्हणजे घोड्यावर बसल्यासारखं उभं राहणं, 'गोंगबू' म्हणजे पुढचा गुडघा धनुष्यासारखा वाकलेला. आमचे प्रशिक्षक मांडीवर हात ठेवून बघायचे. थरथरली की, "अजून."

माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी एक मुलगी तिथे होती. बरोबर शिकणाऱ्या मोठ्या मुलीला 'शिजिए' म्हणतात, म्हणजे गुरूच्या घरची थोरली बहीण. आठव्या वर्षापासून शाओलिन मंदिराजवळच्या डेंगफेंगच्या निवासी वुशू शाळेत वाढलेली. ती धावत येऊन हवेत दोन पूर्ण फेरे घ्यायची, पायाचा तळवा हातावर आपटायचा, आणि खाली येताना थेट माबूत उतरायची. उतरल्यावर पाय इंचभर जरी सरकला तरी गुण कापतात. एका संध्याकाळी मी भिंतीशी बसून तिच्या उड्या मोजल्या. एकाच उडीचे एकेचाळीस प्रयत्न. मधे एकदाही वैताग नाही. उतरताना झटका कुठे जातो ते बघायचं, पाऊल पुसायचं, परत मागे जायचं. नाच म्हणण्याआधी माणसाने अशी एक संध्याकाळ बघावी. मी त्यानंतर तो शब्द वापरला नाही.

तरी एक गोष्ट मला खटकत राहिली. मुठीचा फटका मारताना शिजिएची नजर परीक्षकांकडे असायची. समोर माणूस आहे असं ती धरूनच चालत नव्हती, आणि तिला तसं कुणी सांगितलंही नव्हतं. ती माणसं होती ती पलीकडच्या सान्दाच्या ओट्यावर. जमिनीपासून ऐंशी सेंटीमीटर उंच, चारही बाजूंना आठ मीटर, भोवती दोर नाहीत. ठोसा, लाथ आणि उचलून आपटणं तिन्ही चालतं, आणि एका फेरीत दोनदा ओट्याखाली पडलं की फेरी गेली. भारताची वुशूमधली नावाजलेली यशं बहुतेक इथली आहेत: २०१७ साली कझानच्या जागतिक स्पर्धेत पूजा कादियानचं सुवर्ण, २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मणिपूरच्या रोशिबिना देवीचं रौप्य. पण सान्दाच्या मुलांना एकही जुना क्रम येत नव्हता. थाओलूच्या मुलींना मार खायची सवय नव्हती. एकाच विद्येची दोन टोकं शेजारी शेजारी सराव करत होती, आणि एकमेकांकडे फारसं बघत नव्हती.

याच प्रशिक्षकांकडून एक गोष्ट कळली. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी चीनने वुशूचं पथक प्रात्यक्षिकांसाठी पाठवलं होतं. मी एकदम उठून उभीच राहिले. कारण त्याच वर्षी त्याच शहरात आमच्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानेही भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. मल्लखांब म्हणजे काय ते मी त्यांना फळ्यावर काढून दाखवलं. दोन्ही देशांना त्या काळात एकच गोष्ट जगाला दाखवायची होती: आमच्या अंगात ताकद आहे आणि ती आमच्या पद्धतीने कमावलेली आहे. चीनला 'पूर्वेचा आजारी माणूस' म्हणून हिणवलं जायचं. १९१० साली शांघायमध्ये जिंगवू संस्था निघाली, १९२८ साली नानजिंगला केंद्रीय संस्था निघाली. गावोगावच्या गुरूंना एका छताखाली आणून वर्ग, परीक्षा, पुस्तकं हे सगळं तेव्हाच सुरू झालं. आज ज्याला लोक जुनं म्हणतात त्यातलं पुष्कळसं याच वर्षांत घासूनपुसून नीट लावलेलं आहे.

मे २०१५ मध्ये मी शाओलिनला, म्हणजे युद्धविद्येसाठी नावाजलेल्या बौद्ध मंदिरात, गेले. झेंगझोऊहून बसने दीड-दोन तास. डेंगफेंग जवळ आलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना वुशूच्या शाळाच शाळा, आणि मैदानांवर लाल-निळ्या कपड्यांतली शेकडो मुलं. मंदिरातली गर्दी, तिकिटं, दुकानं यांबद्दल फार लिहीत नाही. मला अजून दिसतात ते सहस्रबुद्ध दालनातल्या विटांच्या जमिनीवरचे खळगे. एकूण अठ्ठेचाळीस. पिढ्यान् पिढ्या भिक्षूंनी एकाच जागी पाय आपटून केलेले. १९२८ साली एका सेनानीने मंदिराला आग लावली, ती चाळीसहून अधिक दिवस धुमसली, आणि बरंच काही राख झालं. हे दालन वाचलं. मी तिथे बराच वेळ खाली बघत उभी होते.

शेजारच्या दालनात भिंतीवर भिक्षूंच्या जोड्या लढतानाचं चित्र आहे, त्यात काही सावळ्या वर्णाचे आहेत. वाटाड्याने माझ्याकडे बघून सांगितलं, बघ, तुमच्या दामोने आम्हाला शिकवलं. दामो म्हणजे बोधिधर्म, भारतातून चीनला गेला असं मानतात तो भिक्षू. ही गोष्ट मी अमरावतीत शाळेपासून ऐकत आले होते, आणि त्या क्षणी छाती फुगली हे कबूल करते. पुढच्या सुट्टीत चिनी वाचण्याइतकी येऊ लागली होती म्हणून मी त्याचा माग काढला. तांग हाओ नावाच्या अभ्यासकाने १९३० च्या सुमारासच हे तपासून ठेवलं आहे. बोधिधर्माला शाओलिनच्या युद्धविद्येशी जोडणारा धागा १६२४ च्या एका ग्रंथाच्या प्रस्तावनेपलीकडे मागे जात नाही. शाओलिनचे भिक्षू लढत होते हे मात्र त्याच्या कितीतरी आधीचं आहे. ६२१ साली तेरा भिक्षूंनी पुढे थांग सम्राट झालेल्या ली शीमिनला मदत केली, आणि ७२८ चा शिलालेख आजही मंदिरात उभा आहे. आणि गंमत अशी, की भारताचा खरा दुवा कुणी सांगतच नाही. ४९५ साली हे मंदिर ज्याच्यासाठी बांधलं तो बाथुओ भारतातून आलेला भिक्षू होता. परत आल्यापासून कुणीही कौतुकाने बोधिधर्माचा विषय काढला की मी बाथुओचं नाव सांगते. काहींना राग येतो. मला ते सांगावंसंच वाटतं.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

२०१५ च्या उन्हाळ्यात मी एका मोठ्या शाळेत चेन शैलीच्या ताइचीचा दोन आठवड्यांचा वर्ग घेतला. आम्ही साठ-सत्तर जण, दिवसाला सहा तास. जितकं खाली बसाल तितकं चांगलं, एवढंच सांगितलं जायचं. दहाव्या दिवशी माझा डावा गुडघा सुजला. वैद्यकाची विद्यार्थिनी असून मला दुखणं ओळखायला दहा दिवस लागले, याचं फार वाईट वाटलं. चार महिने जिना उतरताना कठडा धरावा लागत होता.

आयींच्या ओळखीने पुढच्या वसंतात मी चेनजियागोऊला गेले. पीत नदी ओलांडली की वेन तालुका. त्या भागात औषधी कंदांची शेती, सुरणासारखी गोल नव्हे तर काठीसारखी बारीक कोनफळं पिकतात. गाव चेन आडनावाच्या लोकांचं. सतराव्या शतकातल्या चेन वांगटिंगला ते आपल्या विद्येचा मूळ पुरुष मानतात. याच गावात हेबेईहून आलेला यांग लुचान (१७९९–१८७२) हा चेन चांगशिंगकडे शिकला आणि ती विद्या बीजिंगला घेऊन गेला. तिथून यांग शैली, तिच्यातून पुढे आयींचा चोवीसचा क्रम. म्हणजे मी उलट्या दिशेने चालत चालत उगमाकडे आले होते.

मी ज्यांच्या घरी उतरले ते शिक्षक पन्नाशीचे. अंगणात फरशी, कडेला लसणाच्या माळा. मी गुडघ्याचं सांगितलं. त्यांनी मला उभं केलं, पावलं बघितली आणि म्हणाले, गुडघा आजारी नाही, खुबा बंद आहे. हे मला शरीररचनेच्या भाषेत लगेच समजलं. गुडघा बिजागरीसारखा, त्याला वळण फार थोडं. वळायचं काम खुब्याचं. पाऊल जमिनीला चिकटलेलं, वजन त्याच पायावर, आणि खुबा न उघडता कमरेने फिरलं की सगळा पीळ गुडघ्यातल्या कूर्चेवर येतो. वर्षभर पुस्तकात वाचलेलं मी स्वतःवर करत होते. जांघेच्या सांध्याला ते 'ख्वा' म्हणतात. पुढचे तीन आठवडे मला क्रम दिला नाही. फक्त झाड कवटाळल्यासारखं उभं राहायचं, आणि 'चानस', म्हणजे कोषातून रेशमाचा धागा ओढताना हात जसा न थांबता, न हिसकता फिरतो तशी एकेक हाताची वर्तुळं. पायाच्या बोटांच्या दिशेलाच गुडघा. प्रत्येक वर्तुळाला शिक्षक दोन बोटांनी माझ्या खुब्याची घडी तपासायचे.

त्यांचा आवडता शब्द 'सोंग'. सैल सोड, असा त्याचा अर्थ मी घेतला आणि ढिली पडले. "हे सोंग नाही, हे पडणं आहे," ते म्हणाले. कळलं ते मल्लखांबामुळे. दोरीवर नवी मुलगी चढते तेव्हा ती सगळं अंग आवळते आणि दोन मिनिटांत दमते. जुनी मुलगी अंगठा-बोटांत आणि मांडीत दोरी पकडते, बाकीचं अंग मोकळं सोडते, म्हणून ती हवेत आसन लावू शकते. मी त्यांना हे हातवारे करून सांगितलं. ते खुश होऊन म्हणाले, मग तुला येतंय, फक्त दोरी जमिनीत आहे असं समज.

मग 'लाओज्या' म्हणजे जुन्या चौकटीचा पहिला क्रम सुरू झाला. सत्तरहून थोड्या जास्त आकृत्या. पहिलीच मोठी आकृती 'जिंगांग दाओ दुई'. जिंगांग म्हणजे वज्र, आपल्या संस्कृतातल्या वज्राचं बौद्ध ग्रंथांतून झालेलं चिनी भाषांतर, आणि मंदिराच्या दाराशी उभा असतो तो वज्रधारी रक्षकही. दाओ दुई म्हणजे उखळात कांडणं. उजवी मूठ वर जाते, डावा तळवा उखळ होतो, मूठ खाली येते आणि त्याच क्षणी उजवं पाऊल जमिनीवर पडतं. मी पाय आपटत होते. आजीच्या घरी उखळात कांडताना बघितलं होतं: मुसळ कुणी खाली मारत नाही, उचलतात आणि सोडतात. हे आठवलं त्या दिवशी पहिल्यांदा पायाचा आवाज बदलला. घट्ट, खोल. घरातून शिक्षकांच्या आईंनी डोकावून बघितलं. शाओलिनच्या त्या खळग्यांत नेमकं काय चाललं असेल हे मला त्या आवाजावरून उमगलं.

या क्रमात सगळं संथ नाही. मधेच अंग कडाडून सुटतं, मूठ थरारते, उडी येते. पार्कातल्या ताइचीची एकसारखी गती यांगच्या पुढच्या पिढ्यांत आली, विशेषतः त्याचा नातू यांग चेंगफूने (१८८३–१९३६) ते शिकवलं तेव्हा. म्हणून 'हळू म्हणजे अस्सल' हेही माझं गेलं. आणि 'गावातलं म्हणजे न बदललेलं' तेही फार टिकलं नाही. शिक्षकांनी स्वतः सांगितलं, की त्यांच्या जन्माआधी गावात विद्या विझत आली होती. १९५८ साली चेन झाओपेई गावी परतले आणि पोरांना गोळा करून पुन्हा शिकवू लागले, म्हणून आज हे अंगण आहे. शिवाय चेन क्रमातल्या आकृत्यांची बरीच नावं मिंग राजवटीतला सेनापती ची जिगुआंग याने सोळाव्या शतकात लिहिलेल्या बत्तीस आकृत्यांत सापडतात. त्याच जागी सेनापतीने लिहून ठेवलंय, की मोठ्या लढाईत मुठींचा काही उपयोग दिसत नाही, पण हातपाय मोकळे करायला आणि अंगाला सवय लावायला नवशिक्याने इथूनच आत शिरावं. साडेचारशे वर्षांपूर्वी एका लढवय्याने हे इतकं सरळ लिहिलंय!

दुसऱ्या वर्षी 'थुईशोऊ' सुरू झालं, हात चिकटवून एकमेकांना ढकलणं. आपल्या कुस्तीत पकडीआधी खडाखडी होते, मनगटं आणि मान चाचपत समोरच्याचा भार कुठे आहे ते बघतात, त्याच्या जवळचं. मी जोर लावला की शिक्षकांचा हात तिथे नसायचा, आणि मी पुढे. हात मागे घेतला की ते माझ्याबरोबर आत, आणि मी मागे. अंगावर निळा डाग कधी पडला नाही, पण दिवसाला पन्नासदा तोल जायचा. एकेका आकृतीचा अर्थ इथे कळत गेला. 'आळसाने अंगरखा खोचणं' नावाची हालचाल मी दीड वर्ष करत होते. तिच्यात समोरच्याचं कोपर अडकतं हे पहिल्यांदा माझं कोपर अडकलं तेव्हा समजलं. शिजिएच्या नजरेबद्दल मला जे खटकत होतं त्याचं उत्तरही इथे मिळालं. क्रम एकट्याने करताना समोर माणूस धरायचा, आणि माणूस समोर असताना एकटी असल्यासारखं मोकळं राहायचं. शिजिएला पहिलं कुणी दिलं नव्हतं, पण दुसऱ्यासाठी लागणारं अंग तिच्याकडे माझ्याहून किती तरी तयार होतं.

एप्रिल २०१७ मध्ये चेंगडूत शू शियाओडोंग या एमएमए, म्हणजे मिश्र युद्धकलांच्या लढवय्याने स्वतःला ताइची गुरू म्हणवणाऱ्या वेई लेईला काही सेकंदांत लोळवलं. तो व्हिडिओ चीनभर फिरला. पार्कात दोन दिवस कुणी बोललं नाही. मेच्या सुट्टीत मी शिक्षकांना विचारलं. ते व्हिडिओ परत परत बघत होते. म्हणाले, "हा रोज कुणाबरोबर सराव करत होता ते विचार." मी म्हटलं, तुम्ही त्या लढवय्यासमोर उभे राहिलात तर? "माझं वय झालंय, आणि मला तोंडावर ठोसा खायची सवय नाही. मी हरेन." त्यांच्या मुलाला हे आवडलं नाही, तो उठून गेला. मला त्या उत्तराने त्यांच्याबद्दल जो विश्वास वाटला तो आधीच्या कुठल्याही प्रात्यक्षिकाने वाटला नव्हता. जुने क्रम लढत शिकवत नाहीत, ते लढणाऱ्याचं अंग घडवतात. लढत वेगळी करावी लागते, आणि ती करणं कित्येक अंगणांतून कधीच बंद झालंय. त्यांच्याही.

मी 'श्वेशेंग' राहिले, म्हणजे विद्यार्थिनी. 'थूदी' म्हणजे शिष्या होण्यासाठी गुरूसमोर गुडघे टेकून चहा द्यायचा विधी असतो, त्यानंतर माणूस घरचा होतो आणि दोन्हीकडून आयुष्यभराची जबाबदारी येते. २०१९ मध्ये निघताना मी विषय काढला. ते म्हणाले, तू परत येशील तेव्हा.

जून २०२० मध्ये भारतात वीचॅट या चिनी संदेश अ‍ॅपवर बंदी आली. आयी आणि शिक्षक, दोघांशी माझा संपर्क तेवढ्यावरच होता. त्याच डिसेंबरमध्ये युनेस्कोने ताइचीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतल्याची बातमी वाचली, आणि ती सांगायला माझ्याकडे दोघांचाही नंबर नव्हता.

अमरावतीत गच्चीवर पाच वाजता उभी राहते. आधी अर्धा तास झाड, मग वर्तुळं, मग पहिला क्रम दोनदा. रविवारी फोन कठड्यावर टेकवून चित्रण करते आणि दवाखाना उघडण्याआधी बघते. धोटा आता कमरेतून जातो. 'ढगांसारखे हात' करताना डावीकडे वळलं की गुडघा अजूनही बोटभर आत पडतो. या महिन्यात पुढे न जाता तेवढंच घोटतेय.